मी निवृत्त होण्याआधी माझ्या जागी माणूस द्या : उच्च शिक्षण आणि शालेय शिक्षण विभागांना खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री आणि मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. उच्च शिक्षण संचालक आणि मा. शिक्षण आयुक्त, पुणे

स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गणित शिकवते. १९९२ साली रुजू झाले आणि आता साठ वर्षं पूर्ण होऊन निवृत्त व्हायला थोडेच महिने उरले आहेत. पेन्शनच्या कागदांच्या निमित्ताने चौकशी करताना मी विचारलं, की माझ्या पदाचं पुढे काय होणार? उत्तर मिळालं, ‘सध्या तासिका तत्त्वावर चालवून घ्या.’ म्हणजे पूर्णवेळ माणूस न नेमता घेतलेल्या तासांपुरते पैसे देऊन. आमच्या विभागात सहा पदं मंजूर आहेत. त्यातली भरलेली दोन. माझ्यानंतर एक उरेल, आणि पदवीचं सगळं गणित आठवड्याला नऊ-नऊ तासांचे तुकडे करून वाटलं जाईल. माझ्या पेन्शनबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण हे उत्तर ऐकून निरोप समारंभाची शाल घेऊन घरी जाणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते आपल्याला उद्देशून आहे, पण ज्यांची मुलं या वर्गांत बसतात त्या पालकांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

पद रिकामं राहिलं की वर्गावर शिक्षक नसतो, हे नुकसान सगळ्यांना दिसतं. त्याच्या बातम्या येतात, अधिवेशनात प्रश्न विचारले जातात. दुसरं नुकसान मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. नव्या शिक्षकाला शिकवायला शिकवणारा माणूसही त्या पदाबरोबर जातो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीबद्दल आहे.

मी रुजू झाले तेव्हा माझ्याकडे एम.एस्सी.चे चांगले गुण होते आणि वर्गात उभं राहण्याचा अनुभव मुळीच नव्हता. महाविद्यालयात शिकवायला बी.एड. लागत नाही, तेव्हाही लागत नव्हतं. नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा मुख्यतः विषय किती येतो हे तपासतात, अध्यापनाबद्दल त्यांत फक्त काही पर्यायी प्रश्न असतात. साठ-सत्तर मुलांपुढे तो प्रत्यक्ष मांडून दाखवा, असं त्यांत कुणी म्हणत नाही. मला ते आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुख सरांनी शिकवलं. पहिलं वर्षभर ते अधूनमधून शेवटच्या बाकावर येऊन बसत आणि तासानंतर चहा घेता घेता बोलत. प्रथम वर्षाला लिमिटची व्याख्या घ्यायची होती. एप्सिलॉन (उत्तरात चालेल एवढी चूक) आणि डेल्टा (तेवढ्या चुकीत राहायला किती जवळ जायचं ते अंतर) आले की मुलांचे चेहरे कोरे होतात, हे गणिताच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. आदल्या दिवशी सर म्हणाले, ‘एप्सिलॉन तू निवडू नकोस. तो मुलांना निवडू दे.’ दुसऱ्या दिवशी मी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडच्या मुलांनी एप्सिलॉन सांगायचा, दाराकडच्यांनी त्याला पुरेल असा डेल्टा शोधायचा. खिडकीकडून एकजण ओरडला, ‘एक शतांश!’ दाराकडून थोड्या खटपटीनंतर उत्तर आलं. मग ‘एक सहस्रांश!’ तास संपेपर्यंत दाराकडच्या एका मुलीनेच विचारलं, ‘मॅडम, प्रत्येक वेळी नवा शोधण्यापेक्षा एप्सिलॉनवरून थेट डेल्टा काढायचं सूत्रच करू या का?’ व्याख्या तिथेच समजली होती, फळ्यावर लिहायची तेवढी राहिली होती.

ही पद्धत सरांकडून माझ्याकडे आली, माझ्याकडून नंतर आलेल्या तिघांकडे गेली. ते तिघे पूर्णवेळ होते. आमचे तास वेगवेगळ्या वेळी होते, दुपारी स्टाफरूममध्ये एकत्र डबा खायला वेळ होता, त्यामुळे ते माझ्या वर्गात आणि मी त्यांच्या वर्गात बसू शकलो. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत नसलेल्या अशा शंभर गोष्टी असतात. कुठल्या प्रमेयाला मुलं अडखळतात, उत्तरपत्रिकेत कुठली चूक समजून घ्यायची आणि कुठल्या चुकीला गुण कापायचे, गावाकडून आलेलं मूल तोंड उघडत नसेल तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा. हे एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जातं, आणि त्यासाठी दोघं एकाच वेळी एकाच ठिकाणी असावी लागतात.

आता आजचं सांगते. गेल्या जूनमध्ये तासिका तत्त्वाच्या मुलाखती झाल्या, मी समितीवर होते. जुन्नर तालुक्यातली एक मुलगी आली होती. नेट झालेली, पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेला. नमुना पाठासाठी तिला पाच मिनिटं मिळाली. तिने पर्समधून पुठ्ठ्याचा एक चौकोन काढला. चारही कोपऱ्यांना वेगवेगळे रंग दिलेले होते, मागच्या बाजूलाही तेच रंग. तो फिरवत, उलटा करत तिने त्याच्या आठ स्थिती आमच्याच तोंडून मोजून घेतल्या, आणि एक फिरवणं आणि एक उलटणं यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे दाखवलं. ग्रुप थिअरीचा इतका स्वच्छ प्रारंभ मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. अशा शिक्षिकेला आम्ही आठवड्याला नऊ तासांचा आदेश दिला. त्यापेक्षा जास्त देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

नऊ तासांत घर चालत नाही, म्हणून ती दुसऱ्या महाविद्यालयातही शिकवते. सकाळी आमच्याकडे, दुपारी चाकणला. वर्ग सुटला की दोन-तीन मुलं वही घेऊन दारात थांबतात आणि ती हेल्मेटचा पट्टा लावत लावत त्यांच्या शंका सोडवते, कारण नाशिक रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकली तर तिकडचा तास बुडतो आणि तासाबरोबर पैसेही. मला तिच्या वर्गात मागे बसायचं आहे. तिलाही ते हवं आहे, तिने स्वतःच तसं म्हटलं. पण तिचा तास असतो तेव्हाच माझाही असतो, कारण सहा जणांचं काम आम्ही दोघी पूर्णवेळ आणि काही तासिकावाले मिळून ओढतो आहोत. ती मोकळी होते तेव्हा ती रस्त्यावर असते.

माझ्या तक्रारी पुढे मांडते.

सर्वांत आधी, तासिका तत्त्वाच्या अटी. आदेशात फक्त अध्यापनाचे तास असतात. प्रत्यक्षात अंतर्गत परीक्षा, पर्यवेक्षण, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, प्रवेशाच्या दिवसांतलं समुपदेशन, नव्या शैक्षणिक धोरणामुळे आलेले ओपन इलेक्टिव्ह आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे नवे विषय, हे सगळं त्यांच्याकडेही येतं, आणि नाही म्हटलं तर पुढच्या जूनमध्ये आदेश मिळेल की नाही ही धास्ती असते. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. विद्यापीठाच्या परीक्षा सुरू झाल्या की तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. जे मिळायचे तेही बिलं मंजूर होऊन हातात यायला महिनोन्महिने जातात. उन्हाळ्यात काम संपतं आणि जूनमध्ये त्याच पदासाठी तीच माणसं पुन्हा अर्ज करतात, तीच प्रमाणपत्रं पुन्हा झेरॉक्स करतात, त्याच समितीपुढे पुन्हा बसतात. दहा-दहा वर्षं असं करणारे लोक पुण्यात आहेत. त्यांच्या लग्नाची वयं उलटली, कुणी क्लासेसमध्ये गेले, कुणी शिकवणंच सोडलं. गणित आणि पदार्थविज्ञानाची चांगली माणसं आधी जातात, कारण त्यांना हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत काम मिळतं.

यातलं काहीही नियमांना धरून नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली सांगते, की कंत्राटी शिक्षक अगदी अपरिहार्य असेल तेव्हाच नेमावेत, त्यांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी आणि त्यांचं मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नसावं. अतिथी शिक्षकांसाठी आयोगाने २०१९ च्या जानेवारीत तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार रुपये ठरवून दिले. राज्याने मधल्या काळात तासाचा दर वाढवला, हे मी मान्य करते, पण तो या दरापर्यंत पोहोचलेला नाही आणि वर तासांनाच मर्यादा असल्यामुळे महिन्याची रक्कम तर फारच खाली राहते. १० टक्क्यांच्या मर्यादेचं काय झालं, ते आमच्या विभागाच्या हजेरीपत्रकावर दिसतं. २०२५ च्या जानेवारीत आयोगाने जो नवा मसुदा काढला त्यात ही मर्यादाच नाही. राज्य सरकारने त्याची वाट पाहू नये आणि त्याचा आधारही घेऊ नये. उलट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात काय म्हटलं ते पाहावं. नियमितांचंच काम करणाऱ्यांना किमान त्या वेतनश्रेणीचं मूळ वेतन द्या, असा आदेश झाला, आणि समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणत राहणं पुरेसं नाही, अशा आशयाचे शब्द न्यायालयाने वापरले. महाराष्ट्राने असा आदेश आपल्या नावाने निघेपर्यंत थांबू नये.

आता भरतीच्या वेगाबद्दल. २०१८ च्या नोव्हेंबरात शासनाने ३५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी दिली, आणि ती तेव्हाच्या रिक्त पदांपैकी ४० टक्केच होती. त्यातली २०८८ पदं भरायची राहिली. त्यांच्यासाठी २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा मान्यता घ्यावी लागली. मधल्या काळात करोना आला, वित्त विभागाने भरती थांबवली, हे खरं आहे. पण निवृत्त होणारे थांबले नाहीत. म्हणजे जुनी यादी भरली जाईपर्यंत नवी यादी तयार झालेली असते, आणि आपण नेहमी काही वर्षांपूर्वीची भोकं बुजवत असतो. पदाला मान्यता मिळाल्यानंतरही बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं, याची नोंदवही) तपासून घ्यायची, ना हरकत प्रमाणपत्र मिळवायचं, विद्यापीठाकडून जाहिरात मान्य करून घ्यायची, विद्यापीठाचे आणि शासनाचे प्रतिनिधी एकाच दिवशी मिळवायचे. प्रत्येक टेबलावर किती दिवस, याला कुठेही बंधन नाही. आरक्षणाची पडताळणी काटेकोर व्हायलाच हवी, तिला फाटा द्या असं मी म्हणत नाही. मी तारीख मागते आहे.

याचा एक परिणाम वरच्या कार्यालयांतून दिसत नसावा. दहा वर्षं थांबून एकदम चार पदं भरली, तर चौघे नवखे एकाच दिवशी येतात आणि त्यांना दाखवायला विभागात कुणी जुना उरलेला नसतो. उशिरा भरलेलं पद आकड्यात भरतं, पण शिक्षकाकडून शिक्षकाकडे जाणारं जे मधे तुटलं, ते जोडलं जात नाही.

निवडीबद्दल मला जड मनाने लिहावं लागतं. सहायक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी किती लाख मोजावे लागतात, हे आकडे मुलं मुलाखतीच्या रांगेत उघड बोलतात. माझ्याकडे पुरावा नाही आणि मी कुणावर आरोप करत नाही. पण शेतकऱ्याच्या घरातला सेट झालेला मुलगा ते आकडे ऐकून अर्जच करत नाही, हे मी माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. पाच-दहा मिनिटांची बंद दारामागची मुलाखत जोवर निर्णायक आहे तोवर हा संशय जाणार नाही. शिक्षक निवडायचा तर त्याला वर्गात शिकवताना पाहा, इतकी साधी गोष्ट आपल्या निवड प्रक्रियेत आजही पाच मिनिटांपुरतीच आहे.

शालेय शिक्षण विभागालाही हे पत्र का, ते आता सांगते. प्रथम वर्षाला येणारी मुलं अपूर्णांकात वरचा आणि खालचा एक्स खुशाल खोडतात, वर बेरीज असली तरीही. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना मधलं पद गाळतात. बारावीला नव्वद टक्के मिळालेली मुलं हे करतात. सहावी-सातवीत कुणीतरी चौरसाचे चार भाग काढून दाखवले असते, तर ते मधलं पद आयुष्यभर विसरलं नसतं. पण तो विषय शिकवणारा शिक्षकच तिथे असेल याची खात्री नाही. मे २०१२ पासून शाळांमधल्या भरतीवर निर्बंध आले. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधल्या पाच वर्षांत डी.एड., बी.एड. होऊन बसलेल्यांनी काय करायचं होतं? यातले कितीतरी जण आपल्याच कार्यालयांसमोर, सेंट्रल बिल्डिंगच्या दारात, उपोषणाला बसले. आपण त्यांना पाहिलं आहे.

पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळामुळे या चाचणीच्या गुणवत्तेनुसार यादी लागते, संस्थाचालकांच्या मर्जीला थोडी वेसण बसली, ही चांगली गोष्ट आहे आणि ती टिकली पाहिजे. पण त्या चाचणीत २०० प्रश्न, १२० मिनिटं, आणि प्रश्न अभियोग्यतेचे आणि बुद्धिमत्तेचे. जिच्या गुणांवर गणिताचा शिक्षक ठरतो त्या चाचणीत त्याने एकही गणित शिकवून दाखवायचं नसतं. मुलाखतीशिवाय होणाऱ्या नेमणुकीत तर त्याचा एकही पाठ कुणी न पाहता तो थेट वर्गावर जातो. त्याच्या आधीची पायरी टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची. २०१९ च्या टीईटीत सात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल गैरप्रकारांमुळे रद्द करावे लागले, हे पुणे पोलिसांच्या तपासातून पुढे आलं. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांच्या प्रमाणपत्राकडेही त्यानंतर लोक संशयाने पाहू लागले. आता सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. दर्जाचा आग्रह मला पटतो. पण वीस वर्षं शिकवलेल्या पंचेचाळिशीच्या बाईंनी शाळा, निवडणुकीचं काम आणि घर सांभाळून एकटीने पर्यायी प्रश्नांची पुस्तकं पाठ करावीत, यात राज्याने त्यांच्या तयारीची कुठलीच जबाबदारी घेतलेली दिसत नाही.

आणि तयारीचाच विषय निघाला म्हणून माझ्या भाचीचं सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते तिच्याबाबत अगदी स्पष्ट दिसलं. ती बी.एड. करते आहे. बी.एड. दोन वर्षांचं झालं ते मुळात छात्राध्यापकांना शाळेत जास्त दिवस मिळावेत म्हणून. वीस आठवड्यांची इंटर्नशिप त्यात आहे. तिने पाठ टाचण काढायचं, मार्गदर्शक शिक्षकाने ते तपासायचं, तिचा पाठ बसून पाहायचा, शेरे लिहायचे, दुसऱ्या दिवशी तिने सुधारून घ्यायचं, अशी कल्पना आहे. तिला मिळालेल्या शाळेत गणिताचं पद रिकामं होतं. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी तिच्या हातात आठवीच्या दोन तुकड्या दिल्या आणि म्हणाले, ‘बाळ, तूच घे, आमच्याकडे कुणी नाही.’ त्यांचा नाइलाज होता, त्यांना मी दोष देत नाही. तिने सगळे तास मन लावून घेतले. पण तिचा एकही पाठ गणिताच्या शिक्षकाने पाहिला नाही, कारण पाहायला गणिताचा शिक्षकच नव्हता. तिच्या पाठ टाचणाच्या वहीत प्रत्येक पानाखाली ‘पाहिले’ एवढंच आहे. वर्षअखेरीस ती पात्र शिक्षिका ठरेल. रिकाम्या पदाने आठवीच्या मुलांचं नुकसान केलंच, शिवाय पुढची तीस वर्षं शिकवणार असलेल्या एका मुलीचं शिकणंही घालवलं.

२०२३ च्या जुलैमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना महिना २० हजारांवर तात्पुरतं नेमण्याचा निर्णय झाला. निवृत्तांचा अनुभव वापरायचा हा विचार चुकीचा नाही, जागा चुकली. त्यांना नव्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसायला बोलवा, त्यांच्याऐवजी उभं राहायला नको. शिक्षणसेवकांबाबतही असंच. २००० सालापासून ही योजना आहे, तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम. २०२३ पासून ते प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकसाठी अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झालं, पण ही तीन वर्षं खरं तर त्या शिक्षकाला घडवण्याची असायला हवी होती. आज ती फक्त कमी पगाराची तीन वर्षं आहेत.

माझ्या मागण्या अशा.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : निवृत्त होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचं पद त्याच्या निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी भरा, आणि ते सहा महिने दोघांनाही वेतन द्या. आमच्या जन्मतारखा आपल्याकडे आहेत. महाविद्यालयांचे पगार एचटीई-सेवार्थ या संगणक प्रणालीतून निघतात, शाळांचे शालार्थमधून. कोण कधी निवृत्त होणार, हे आपल्याला कितीतरी वर्षं आधी कळतं. हा अचानक येणारा प्रसंग नाही. सहा महिन्यांचं दुहेरी वेतन हा जास्तीचा खर्च आहे हे मला कळतं, पण पद पाच-सात वर्षं रिकामं ठेवून जे वाचतं त्याच्यापुढे तो फार थोडा आहे.

दुसरी : भरतीचं वार्षिक वेळापत्रक जाहीर करा. बिंदुनामावली, ना हरकत, जाहिरात, निवड, मान्यता, प्रत्येकाला शेवटची तारीख, आणि ती उलटली तर फाइल कोणत्या टेबलावर आहे हे संकेतस्थळावर दिसू द्या. शिक्षक अभियोग्यता चाचणी दरवर्षी घ्या.

तिसरी : पदं भरली जाईपर्यंत तासिका तत्त्वावरील शिक्षकांना पूर्ण शैक्षणिक वर्षाचा आदेश, आयोगाच्या दरापेक्षा कमी नाही असं मानधन, ते दरमहा ठरलेल्या तारखेला, आणि केलेल्या कामाचा अनुभव नियमित निवडीत मोजला जाणं. दरवर्षीची तीच मुलाखत बंद करा.

चौथी : महाविद्यालयात आणि शाळेत, दोन्हीकडे, अंतिम निवडीआधी उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांपुढे पूर्ण तास घ्यावा. त्याचं चित्रीकरण व्हावं, त्याच दिवशी गुण लावावेत.

पाचवी : नव्या शिक्षकाच्या पहिल्या वर्षाचा कार्यभार थोडा कमी ठेवा आणि त्याला नावानिशी एक मार्गदर्शक द्या, ज्याच्या कार्यभारात त्यासाठी तास धरलेले असतील. आयोगाचा ‘गुरु-दक्षता’ हा महिन्याभराचा अभ्यासक्रम तासिकावाल्यांनाही मानधनासह करता यावा. आज महिनाभर तास सोडले तर महिनाभराचं उत्पन्न जातं, मग कोण जाईल?

सहावी : छात्राध्यापकांना रिकाम्या पदावर एकटं उभं करायला बंदी घाला, आणि ज्या शाळेत त्या विषयाचा नियमित शिक्षक नाही त्या शाळेत त्या विषयाची इंटर्नशिप देऊ नका. २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता करायचं राष्ट्रीय धोरणाने ठरवलं आहे. ते चार वर्षांचं झालं तरी वर्गात मागे बसणारं कुणी नसेल, तर फक्त मुलांच्या फीची वर्षं वाढतील.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको. आमच्या विभागातली आज रिकामी असलेली चार पदं आणि लवकरच रिकामं होणारं माझं, ही कोणत्या महिन्यात भरली जातील, एवढं महाविद्यालयाला लेखी कळवा. त्यानंतर पहिली दोन सत्रं नव्या शिक्षकांच्या तासांना येऊन बसायला, त्यांची टिपणं पाहायला आणि त्यांच्याशी बोलायला मी मानधनाशिवाय तयार आहे. तसं पत्र मी प्राचार्यांकडे दिलं आहे आणि त्याची प्रत या पत्राबरोबर आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात देते आहे.

आपली,
गणिताची एक प्राध्यापिका, पुणे